मिटता चाकू

बोरीसारख्या गावात मराठीच्या प्राध्यापकाच्या खिशातून चाकू निघाला, की मंडळी आधी दचकतात, मग पेरू पुढे करतात. ‘चाकू’ शब्द आला फारसीतून. बदनामी चिकटली ती रामपुरीमुळे! वाचकहो, माझ्या संग्रहातला हा चाकू अमेरिकन शिकाऱ्यांसाठी १९६४ साली निघालेल्या ‘बक ११०’ घाटाचा. पावणेचार इंची पाते, पितळी टोके. उघडताच पाठीचा खटका पाते जखडतो. ते बोटांवर मिटत नाही. त्या घराण्याचा मूळपुरुष हॉइट बक. त्याने १९०२ साली झिजलेल्या कानशीपासून सुरी घडवली. आमचे घिसाडीही मोटारीच्या जुन्या पाट्यांतून विळे घडवतातच की! शिकार इथे १९७२च्या कायद्याने थांबली. चाकूला उरले पेरू नि सुतळी. धार हा गुन्हा नव्हे. ती कोणाच्या हाती, एवढेच पाहावे.