वरूडला शिफ्ट व्हायचंय? आधी किरायानं राहा, दोन्ही बहार पाहा

सध्या मोबाइल उघडला की 'शहर सोडा, गावी या' सांगणारा एक तरी व्हिडिओ समोर येतोच. पुण्यात दोन खोल्यांना जेवढा किराया जातो तेवढ्यात तालुक्याच्या गावी महिनाभराचा संसार होतो, मग उरलेल्या पैशात धंदा का टाकू नये, असा त्यातला सूर. माझं दुकान वरूडला आहे, ठिबकचं सामान आणि पाइप-फिटिंगचं. ट्रेनिंगला येणारे बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात: सर, वरूडला शिफ्ट होऊ का?

माझं मत सरळ आहे. या, खुशाल या, पण घर किंवा प्लॉट घेऊन येऊ नका. किरायानं राहा, एक पूर्ण वर्ष काढा. त्या वर्षात राहत्या घराच्या नावानं एक रुपयाही अडकवायचा नाही.

कारण असं. 'लहान गावात घर स्वस्त' हे वाक्य अर्धंच खरं आहे. वरूड-मोर्शी हा संत्र्याचा पट्टा. बगीचा चांगल्या भावात गेला की शेतकऱ्याच्या हातात एकदम मोठी रक्कम येते. त्यातून कर्ज फिटतं, पोरीचं लग्न होतं, आणि काही उरलं तर गावात प्लॉट घेतला जातो. व्यापारी आणि मास्तर मंडळीही पैसा प्लॉटमध्येच ठेवतात. म्हणजे प्लॉटचा भाव ठरतो बगीच्याच्या पैशावर. किराया मात्र ठरतो पगारावर, कारण किरायानं राहतो तो बँकेतला क्लर्क, शिक्षक, बदलीवर आलेला कर्मचारी. त्यामुळे किराया स्वस्त आणि विकतचं घर महाग, असं चित्र इथं दिसतं. व्हिडिओवाले किरायाचा आकडा दाखवतात आणि तुम्ही तो पाहून प्लॉट घ्यायला निघता!

हिशेब मांडून पाहा. समजा घर 40 लाखांचं आहे. 10 लाख खिशातले, 30 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षं. हप्ता बसतो जवळपास 27 हजार. तसंच घर किरायानं 7 हजारांत मिळत असेल तर महिन्याला 20 हजारांचा फरक पडतो, वर्षाला 2 लाख 40 हजार. वरून ते 10 लाख वेगळेच. नव्या दुकानाचं खेळतं भांडवल याच पैशातून उभं राहतं. पहिल्या वर्षी दुकान बंद पडतं ते बहुतेक वेळा माल भरायला पैसा नसतो म्हणून, आणि तो पैसा कुठं असतो? भिंतीत. आकडे तुमच्या गावाचे टाका, पण हा हिशेब केल्याशिवाय ब्रोकरसोबत गाडीवर बसू नका.

ब्रोकरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'विकास येऊन राहिला भाऊ, दोन वर्षांत डबल' हे वाक्य प्रत्येक ले-आउटवर ऐकायला मिळतं. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला, खरं आहे. पण अमरावती जिल्ह्यात तो धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या बाजूनं जातो, वरूडवरून नाही. बेलोऱ्याहून एप्रिल 2025 मध्ये मुंबईची विमानं सुरू झाली, पण बेलोरा अमरावतीच्याही पलीकडे. वरूडहून अमरावती आणि नागपूर, दोन्ही साधारण नव्वद-शंभर किलोमीटर. नरखेड-अमरावती लाइनवर स्टेशन आहे, त्याचं नाव 'वरूड ऑरेंज सिटी'. नाव भारी आहे, पण तुम्ही गाड्यांच्या वेळा पाहा. तुमचा माल आणि तुमचा ग्राहक त्या वेळेत बसतो का, एवढंच बघायचं.

भाव तपासायचा तर नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर रेडी रेकनरचे दर आहेत, आणि ई-सर्चवर इंडेक्स टू पाहता येतो. रजिस्ट्रीत किती रक्कम लिहिली आहे ते त्यात कळतं. कागदावरची रक्कम आणि बाजारातली रक्कम एक नसते हे मलाही माहीत आहे, पण सांगितलेला भाव हवेतला आहे का, हे ओळखायला तेवढं पुरतं. दुसरा उपाय फुकटचा आहे: संध्याकाळी सातनंतर त्या ले-आउटमध्ये चक्कर मारा आणि किती घरांत लाइट लागला ते मोजा. चाळीस प्लॉटांत सहा दिवे असतील तर बाकीचे भाव वाढायची वाट पाहत बसलेत. तिथं तुमचं दुकान चालायला ग्राहकच नाही. पुढं-मागं घ्यायचंच झालं तर ले-आउट मंजूर आहे का, अकृषिक आदेश आहे का, आणि जुन्या वस्तीत जागा नझूलची आहे का, हे आखीव पत्रिकेवरून वकिलाकडून तपासून घ्या. यात पाच-दहा हजार वाचवायचे नसतात.

आता पाणी. वरूडमध्ये सगळ्यात आधी हेच बघायला पाहिजे आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. संत्र्यासाठी या तालुक्यात इतका उपसा झाला की भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात तालुका अतिशोषित गटात गेला. शेजारी मोर्शीजवळ अप्पर वर्धासारखं मोठं धरण असूनही जमिनीखालची ही अवस्था. म्हणून घरमालकाला 'पाणी आहे का' असं विचारू नका, तो हाव म्हणेल. बोअर किती फुटांचा आहे, मे महिन्यात किती वेळ चालतो, नळ किती दिवसांआड येतो, मागच्या उन्हाळ्यात टँकर किती मागवले, हे विचारा. मालकाला एकदा आणि शेजाऱ्याला एकदा. हॉटेल, वॉशिंग सेंटर, ज्यूस-पल्पचं युनिट असा पाण्याचा धंदा असेल तर हा खर्च किरायापेक्षा मोठा ठरू शकतो.

पाणी कमी आहे तसं ते अचानक जास्तही होतं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरानं जवळच्या मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसं नेली. वरूडमधून चुडामण नदी जाते. नदीकाठी खोली किंवा गोडाऊन स्वस्तात मिळालं तर पूररेषा कुठं आहे ते नगर परिषदेत विचारा, आणि मोठ्या पावसात पाणी कुठवर चढतं ते म्हाताऱ्या माणसाला विचारा.

एक पूर्ण वर्ष का, सहा महिने का नाही? इथला पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबरपासून निघतं, मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिल. पहिल्यांदा नोव्हेंबरात आलात तर संत्र्याचे ट्रक, मजुरांची गर्दी, दुकानांत रोखीचा व्यवहार दिसेल आणि वाटेल की इथं काहीही विकेल. तेच ऑगस्टमध्ये काउंटरवर बसा. फळगळ सुरू असते, खर्च करून झालेला असतो, आणि 'बगीचा गेला की देतो ना भाऊ' हे दिवसातून दहादा ऐकू येतं. शिवाय इथला भाव फक्त इथं ठरत नाही. नागपुरी संत्र्याचा मोठा ग्राहक बांगलादेश. तिथं आयात शुल्क वाढत गेलं आणि त्याचा फटका थेट आपल्या उधारीच्या वहीला बसला. मोबाइल शॉपी असो की ब्युटी पार्लर, वरूडमधला प्रत्येक धंदा दोन पावलांवर संत्र्याशी जोडलेला आहे. मे ते सप्टेंबर दुकान स्वतःच्या पैशावर चालवता येईल एवढी रक्कम बाजूला असेल तरच या.

सीमेचा मात्र फायदा आहे. पांढुर्णा, मुलताई, प्रभातपट्टण ही मध्य प्रदेशातली गावं जवळ असल्यानं तिकडचा ग्राहक धरता येतो. हिंदी बोलणारा एक पोरगा दुकानात ठेवा.

पीएमईजीपीतून कर्ज घेणार असाल तर जागेचा प्रश्न आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. जमिनीची किंमत त्या प्रकल्प खर्चात धरत नाहीत. आणि सर्वसाधारण गटाला शहरी भागात 15 टक्के अनुदान असतं, ग्रामीण भागात 25 टक्के. म्हणजे युनिट नगर परिषदेच्या हद्दीत टाकलं की बाजूच्या ग्रामपंचायतीत, यावर दहा टक्क्यांचा फरक पडतो. गाळ्याचा इसार द्यायच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

राहिला घरच्यांचा विषय. पोरांची शाळा, आईवडिलांचं दवाखान्याचं काम, बायकोची नोकरी. मोठ्या तपासणीला अमरावती किंवा नागपूर गाठावं लागतं, त्यात पूर्ण दिवस जातो आणि त्या दिवशी दुकानाचं शटर कोण उघडणार हे आधी ठरलेलं पाहिजे. नवऱ्यानं एकट्यानं येऊन गाव पाहून जायचं आणि घरी जाऊन निर्णय सांगायचा, ही पद्धत मला पटत नाही. वहिनींना सोबत आणा, आठ दिवस राहा, आणि पाण्याचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

कधी यायचं विचाराल तर मे महिन्यात. ऊन डोक्यावर, बोअर दमलेले, बाजारात पैसा कमी. शिवाय शाळेच्या प्रवेशाचे आणि बदल्यांचे दिवस असतात, खोल्या खाली होतात, आणि किराया थोडा कमी करून मागता येतो.