रात्र कोणाची, बाजार कोणाचा?

शनिवारची मध्यरात्र जवळ आली की कसाऱ्याकडे निघालेल्या शेवटच्या लोकलमध्ये पाठीवर बोचकी बांधलेल्या तरुणांची गर्दी दिसू लागते. कोणी आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्याची वाट धरतो, कोणी खर्डीला किंवा कसाऱ्याला उतरतो. कल्याणहून मुरबाडमार्गे जाणारे गोरखगड, सिद्धगड किंवा बेलपाड्याची नळीची वाट गाठतात. पावसाळा सुरू झाला की माळशेजच्या धबधब्यांकडे वाहनांची रांग लागते. या पाहुण्यांना रात्री-अपरात्री गरम चहा, भाकरी आणि चार घटका करमणूक मिळावी, मनालीत किंवा गोव्यातील हडफड्यात जसे रात्रीच्या बाजारांचे आकर्षण निर्माण झाले तसे ते शहापूर-मुरबाडच्या डोंगरपायथ्यालाही व्हावे, ही कल्पना आता रुजू पाहत आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तशीच ती डोळे मिटून स्वीकारण्यासारखीही नाही.

मुळात रात्रीचा बाजार या मुलखाला परका नाही. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकाने, शेतीची अवजारे, मिठाईचे ढीग, आकाशपाळणे आणि तमाशाचे फड यांनी ते एरवीचे शांत गाव रात्ररात्र जागते. खळी उरकलेली असतात, भात विकून हाती चार पैसे आलेले असतात. अशा वेळी शेतकरी बैल पारखतो, म्हातारी घोंगडीची ऊब हाताने अजमावते आणि पोरे पाळण्यासाठी हट्ट धरतात. त्या यात्रेतही गोंगाट असतो, धूळ असते, फसवणूकही होत असेल. परंतु तेथे विकणारा आणि घेणारा दोघेही याच मातीतले असतात आणि यात्रेतील पैसा बऱ्याच अंशी याच पंचक्रोशीत फिरतो. हे या बाजाराचे खरे बळ आहे.

आज शहापूर-मुरबाडच्या आडरानात जी रात्र उजाडत आहे तिचे स्वरूप मात्र निराळे आहे. शेतजमिनी विकल्या गेल्या, त्यांवर कुंपणे उभी राहिली आणि कुंपणाआड शेतघरे बांधली गेली. तेथे शनिवारी रात्री ध्वनिक्षेपक घुमतात. त्या उत्सवातून स्थानिक माणसाच्या वाट्याला येते ती रखवालदाराची काठी किंवा सकाळी रिकाम्या बाटल्या वेचण्याचे काम. त्याहून बोचणारी गोष्ट पाण्याची आहे. १८९२ साली बांधून झालेले तानसा धरण आणि त्यानंतरचे भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यातली. मुंबईची तहान भागविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. एकीकडे रोषणाईने उजळलेला पोहण्याचा तलाव आणि दुसरीकडे पहाटे अंधारात हंडा घेऊन निघालेली बाई, हे दृश्य कोणत्याही पर्यटन-धोरणाला शोभणारे नाही.

यावर सोपा उपाय म्हणून बंदीकडे बोट दाखविले जाते. माळशेज परिसरात पावसाळ्यात मनाई आदेश निघतात, आणि दरडी कोसळणाऱ्या घाटात ते काही प्रमाणात आवश्यकही आहेत. परंतु बंदीचा पहिला फटका कोणाला बसतो, हेही पाहिले पाहिजे. धिंगाणा घालणारा आपल्या मोटारीतून पुढच्या शेतघराकडे निघून जातो. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसे भाजणाऱ्या बाईची शेगडी मात्र विझते. शिवाय आठवडाभर कचेरीत किंवा वर्गात मान मोडून काम केलेल्या तरुणाने डोंगरावर येऊन एक रात्र आनंदात घालविली, तर तो काही गुन्हा नव्हे. प्रश्न आनंदाचा नसून व्यवस्थेचा आहे.

ही व्यवस्था उभी करण्यासाठी नवा कायदा करावा लागेल असेही नाही. २०१७ च्या राज्य कायद्याने दुकानांच्या वेळांवरील जुनी बंधने सैल केली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने, परंपरेने जेथे विक्रेते आणि ग्राहक जमतात त्या जागांना ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून मान्यता दिली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला ते आळा घालतात. सर्वांत महत्त्वाचा कायदा १९९६ चा पेसा. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि या कायद्याने तेथील ग्रामसभा व पंचायतींना दोन अधिकार देऊ केले आहेत: गावच्या बाजाराचे व्यवस्थापन आणि मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण. रात्रीच्या जीवनाचे बरेवाईट ज्या दोन गोष्टींवर अवलंबून असते, नेमक्या त्याच या गोष्टी आहेत. मात्र हा अधिकार कागदावरून चावडीवर यावयास हवा.

तो आल्यास करण्यासारखे पुष्कळ आहे. गडांच्या पायथ्याशी शनिवारी ठरावीक जागी ठरावीक वेळेपर्यंत बाजार भरावा. तेथे दिवे, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे. नाचणीची भाकरी, हातसडीचा तांदूळ, हंगामातील करवंदे-जांभळे, रानभाज्या यांना तेथे चांगले गिऱ्हाईक मिळेल. ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांतील बायकांना गाळ्यांत अग्रक्रम द्यावा आणि बाजार उठल्यावर त्यांना सुखरूप घरी पोचविणारी एस. टी.ची फेरी असावी. मुरबाडला आजही रेल्वे नाही, हे ध्यानात घेतले तर या मागणीचे मोल कळेल. अंधारालाही राखीव जागा हवी. रोहिणी-मृगाच्या सुमारास झाडे काजव्यांनी लखलखतात ती काळोखाच्या आधारानेच. तेथे झगझगीत दिवे नेले तर पाहुण्याला पाहण्यासारखे काही उरणार नाही.

केवळ घोषणा करून मात्र हे घडणार नाही. मुरबाड तालुक्यातीलच धसई हे गाव नोटाबंदीनंतर, २०१६ च्या डिसेंबरात, राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. पुढे तेथील व्यवहार बऱ्याच प्रमाणात पुन्हा रोखीकडे वळले. वरून लादलेली नवलाई ओसरते आणि लोकांच्या गरजेतून उगवलेली म्हशाची यात्रा टिकते, यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे.

आणखी एका रात्रीची आठवण या मुलखाला आहे. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि परकीय सत्तेला अंधाराची धास्ती घातली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. दर वर्षी त्या तारखेला लोक तेथे अभिवादनासाठी जमतात. त्याच्या दोनच दिवस आधी, वर्ष सरताना, आसपासच्या शेतघरांतून नव्या वर्षाचा जल्लोष उसळतो. या दोन रात्रींत वैर असण्याचे कारण नाही. सिद्धगडाच्या वाटेने जाणाऱ्या तरुणाला पायथ्याच्या बाजारात गरम भाकरी मिळावी, ती भाकरी थापणाऱ्या बाईच्या घरी पाण्याचा हंडा भरलेला असावा आणि हा गड कोणाच्या रक्ताने पावन झाला हे त्या दोघांनाही ठाऊक असावे. एवढे साधले तर शहापूर-मुरबाडच्या रात्रीला हडफड्याची किंवा मनालीची नक्कल करण्याची गरज पडणार नाही.