मत्स्यपेटी धुताना हात जपा

घरात मत्स्यपेटी असली की मासे पाहण्यात ज्येष्ठांचा वेळ छान जातो. मात्र मासे एकामागून एक मरू लागले की ती पेटी घासण्याचे कामही बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. मधुमेहाने संवेदना मंदावलेल्या बोटांना काच किंवा खडी लागल्याचे चटकन कळत नाही. म्हणून हा विषय या स्तंभात.

फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये १९२६ साली एक जंतू आढळला : मायकोबॅक्टेरियम मरिनम. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. हाताच्या ओरखड्यातून तो शिरतो आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लालसर गाठ येते. ती फारशी दुखत नाही. कधी तशाच गाठी हातावर वरवर चढत जातात. साध्या मलमाने त्या बऱ्या होत नाहीत; प्रतिजैविके कित्येक महिने घ्यावी लागतात. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. परंतु तो विरळा असल्याने डॉक्टरांच्या मनात लगेच येत नाही. आपल्या घरी मासे आहेत, हे त्यांना आपणहून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदानातले कितीतरी आठवडे वाचतात.

पेटी धुण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी, रबरी हातमोजे घालावेत. हातावर जखम असल्यास हे काम दुसऱ्याला द्यावे. आधी शेवाळ व घाण नीट खरवडून काढावी, कारण घाणीत क्लोरीनची शक्ती वाया जाते. मग एक भाग साधे घरगुती ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून ते रिकाम्या पेटीत अर्धा तास ठेवावे, पुनःपुन्हा धुवावे आणि पेटी पूर्ण वाळवावी. मरिनमची जात क्लोरीनला सहज दाद देत नाही. तसा संशय असेल तर खडी, स्पंज व शोभेच्या वस्तू टाकूनच द्याव्यात. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड कदापि मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू दमेकऱ्याच्या जिवावर बेततो. हे काम उघड्यावर करावे, स्वयंपाकघराच्या मोरीत नव्हे. भरलेली पेटी उचलू नये. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो वजन.

टँकरवर दिवस काढणाऱ्या आपल्या बीड जिल्ह्यात पाणी फेकणे जिवावर येते. पेटीतले जुने, ब्लीच न घातलेले पाणी फुलझाडांना घालावे. भाजीला नको, विहिरीत किंवा बिंदुसरेत तर नकोच.

मासे रोगानेच मेले का, हेही पाहावे. टाकीत टाकलेली टीसीएल पावडर माशांना मारक ठरते, आणि मे महिन्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी उरतो. धुतलेल्या पेटीत माशांची विष्ठा पचवणारे उपयुक्त जंतूही उरत नाहीत. ते पुन्हा वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक-दोनच मासे सोडावेत, नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी.