खाटा कमी, की वार चुकीचा?

अपघात कधी घडेल हे कोणी सांगू शकत नाही. हर्नियाचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन मात्र तारीख ठरवून होतं. त्यामुळे रुग्णालयात एखाद्या दिवशी अचानक खाटा संपल्या की दोष तातडीच्या रुग्णांचा, असं आपण धरून चालतो. डॉक्टरही तेच धरून चालत होते. युजीन लिटवाक नावाच्या अभियंत्याने बॉस्टनमध्ये रोजचे आकडे मांडले, तर चित्र उलटं निघालं. तातडीचे रुग्ण बऱ्यापैकी सारख्या संख्येने येत होते. जास्त उड्या मारत होती ती ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या.

लिटवाक मूळचे कीव्हचे, दूरसंचार यंत्रणांचं गणित करणारे. मायकेल लाँग या भूलतज्ज्ञांच्या साथीने त्यांनी जे कारण शोधलं, ते कुठल्याही वॉर्डबॉयने चहा पिता पिता सांगितलं असतं. सर्जनला आठवड्याच्या सुरुवातीचे दिवस हवे असतात, म्हणजे शनिवार-रविवारच्या आत रुग्ण घरी जातो. पण ते दिवस सगळ्यांनाच हवे असतात. मग आठवड्याच्या मध्यावर आयसीयू तुडुंब, अपघाताचा रुग्ण स्ट्रेचरवर पॅसेजमध्ये, आणि शनिवारी खाटा रिकाम्या. खाटांची सरासरी काढली तर तक्रारीला जागा नाही. रुग्ण मात्र सरासरी दिवशी आजारी पडत नाही.

ही नुसती गैरसोय नाही. लिंडा एकन यांनी २००२ साली पेन्सिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. गर्दीच्या बुधवारी तिच्याकडे किती रुग्ण वाढतात, ते वाचकांनी स्वतःच पाहावं.

रांगेचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. माणसं अनियमित येणार, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, खिडकी एक. अशा साध्यात साध्या मांडणीत ती खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर सरासरी ताटकळणं एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट होतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. नव्वदाचे पंच्याण्णव करणारा अधिकारी बैठकीत पाठ थोपटून घेतो आणि बाहेरची रांग दुप्पट होते. सुटका मुख्यतः दोन मार्गांनी: खिडक्या वाढवा, नाहीतर येण्यातली अनियमितता कमी करा. सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयाने दुसरा मार्ग धरला. तातडीच्या ऑपरेशनसाठी थिएटरं वेगळी काढली, ठरलेली ऑपरेशनं आठवडाभर पसरली, आणि सुमारे १० कोटी डॉलरची नवी इमारत बांधायचा बेत गुंडाळून ठेवला.

आपल्याकडे अशा वेळी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा दाखला दिला जातो. एका सर्जनला दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढणं चालू, दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. काम थोरच आहे. पण मोतीबिंदू एका साच्यातलं काम. पोटदुखी, ताप, सर्पदंश एकाच दारातून येणाऱ्या जिल्हा रुग्णालयाला त्यातून घेण्यासारखं मर्यादित आहे. मला लिटवाक अधिक उपयोगाचे वाटतात.

कारण आपली गर्दीसुद्धा बरीचशी आपणच घडवलेली आहे. केसपेपरची खिडकी सकाळीच उघडी, गावाकडची एसटी ठरलेल्या वेळेला, म्हणून सगळा तालुका एकदम दारात. २०२२ पासून क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणीची सोय सरकारने आणली. नोंदणी झटपट होते, हे खरं. मग तीच माणसं डॉक्टरच्या दारात जास्त दाटीने उभी राहतात, कारण आतला डॉक्टर तेवढाच. खासगी दवाखान्यात तर सहाची वेळ दहा जणांना दिलेली असते. नॉर्मन बेली यांनी १९५२ साली इंग्लंडमधल्या बाह्यरुग्ण विभागांचं गणित मांडून सुचवलं होतं: सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने. डॉक्टर फारसा रिकामा बसत नाही, रुग्णही तासन्‌तास बसत नाही. कागद-पेन्सिलीने होणारं हे काम. सत्तर वर्षांत आपल्या कंपाउंडरपर्यंत ते पोचलेलं नाही.

खाटा आणि डॉक्टर आपल्याकडे खरोखर कमी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वेळापत्रक तेच ठेवून वाढवलेल्या खाटा बुधवारी पुन्हा कमी पडतील आणि शनिवारी आणखी रिकाम्या दिसतील. वेळापत्रकाला हात घालायचा म्हणजे ज्येष्ठ सर्जनला ‘तुमचा सोमवार काढून शुक्रवार देतो’ असं सांगायचं. इमारतीचं भूमिपूजन त्यापेक्षा कितीतरी सोपं, फोटोही येतो.

पवईच्या आयआयटीत ऑपरेशन्स रिसर्च शिकवतात; रांगेचं हे गणित त्यातच येतं. जवळच १९६३ साली स्थापन झालेली ‘नीटी’, आताची आयआयएम मुंबई. घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय तिथून काही किलोमीटरवर. महापालिकेने तिथल्या प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक दारात केसपेपरवर वेळेचा शिक्का मारावा आणि वर्षभराच्या नोंदी, नावं झाकून, या दोन संस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात. शिक्क्याला फारसा खर्च नाही. विरोध झालाच तर तो एका कारणाने होईल: डॉक्टर किती वाजता आले, तेही त्या कागदावर उमटेल.