गाडी बोलते, ऐकायचे कोणी?

दिवे घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आमच्या गाडीच्या पोटातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. पाय काढला की आवाज बंद. गाडी दहा वर्षांची, पेट्रोलची, निवृत्तीच्या वेळी घेतलेली. दुसऱ्या दिवशी ती एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या तरुणाने वायर जोडली, पडदा पाहिला आणि सांगितले, 'काका, एरर कोड काहीच नाही. नव्या पेट्रोलने इंजिन वाजतंय. उघडावं लागेल.' अंदाजपत्रक होते ४८ हजारांचे. पंचवीस-तीस वर्षे लोकांची अंदाजपत्रके तपासून कर्जे दिलेला मी माणूस. कोड नाही आणि खर्च मात्र आहे, हे काही पटेना.

सासवडच्या शाखेत असताना, १९९४ साली, पंतप्रधान रोजगार योजनेतून एका गॅरेजवाल्या मेस्त्रींना मी कर्ज मंजूर केले होते. गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी बॉनेट उघडलेच नाही. 'साहेब, न्यूट्रलला टाका आणि रेस करा,' म्हणाले. उभ्या गाडीतही आवाज आला. म्हणजे चाके, बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट सगळे निर्दोष. मग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते ऐकत राहिले. इंजिन स्वच्छ. शेवटी गाडी थंड झाल्यावर सायलेन्सरच्या नळीवरचा, उष्णता अडवणारा पत्रा त्यांनी हाताने हलवला. खडखड! बोल्ट गंजून तुटला होता. क्लॅम्प आणि मजुरी धरून दीडशे रुपये.

गमतीचा भाग सोडा. मुद्दा असा, की वेग घेतानाच्या आवाजांचे एक साधे शास्त्र आहे. वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि आवाज बदलला, तर दोष बहुधा इंजिनच्या बाजूचा. तसाच राहिला, तर चाकांच्या बाजूचा. किंकाळी फोडणारा आवाज बहुतेक वेळा सैल झालेल्या पट्ट्याचा. वळताना वेग घेतला की येणारी टकटक ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटची. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस गेलेले असते. क्लच सोडून पाय दाबताच बसणारा धक्का इंजिन माउंटिंगचा असू शकतो. सकाळी थंड इंजिनात टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब, तर एक्झॉस्टची गळती तपासावी. संगणकाला यातले फारसे काही कळत नाही, कारण सैल पत्र्याला सेन्सर नसतो. आजच्या इंजिनाला एकच कान असतो, तो 'नॉकिंग' ऐकणारा. ते ऐकू आले की संगणक ठिणगीची वेळ मागे सारतो.

आता नव्या पेट्रोलवरच्या आरोपाचे पाहू. नॉकिंग म्हणजे ठिणगीच्या शिस्तीत न जळता उरलेल्या मिश्रणाने आपोआप पेट घेणे. इथेनॉल याला विरोध करते. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वर असतो. म्हणजे आपल्याच उसाच्या पट्ट्यातून येणाऱ्या इथेनॉलवर ई-२० मधल्या नॉकिंगचे खापर फोडणे शास्त्राला धरून नाही. पण म्हणून ग्राहकाची सगळीच तक्रार खोटी ठरत नाही. जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, हे २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच लिहिले होते. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये वाद पेटल्यावर पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले. खऱ्या तक्रारीचे उत्तर नीट दिले नाही की खोटी कारणे खपतात. माझे ४८ हजारांचे अंदाजपत्रक त्याच बाजारातले.

या बाजारावर अंकुश ठेवायचा तर स्वतंत्र मेस्त्री टिकला पाहिजे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका. मग अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश केला. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मंजुरीपत्र आले आहे, रक्कम खात्यात जमा झालेली नाही.

दरम्यान ग्राहकाने निदान एवढे करावे. आवाज कोणत्या गिअरला, थंड की गरम असताना, वळताना की चढावर येतो, ते कागदावर लिहून न्यावे. मेस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारावी. इंजिन उघडण्याआधी निदान लेखी मागावे आणि बदललेला भाग परत घ्यावा. इंजिनच्या आतून घणाचे घाव बसल्यासारखी ठोक आली, किंवा तेलाचा दिवा लागला, तर मात्र गाडी तिथेच बंद करावी. तिथे काटकसर महागात पडते.

निघताना मेस्त्रींनी तुटलेला बोल्ट माझ्या हातावर ठेवला, मी न मागता. १९९४ च्या कर्जाचे हप्तेही त्यांनी असेच न मागता भरले होते. दारात एक अलीकडची गाडी उभी होती. 'ही परत पाठवतोय,' म्हणाले. 'दोष कळलाय, साहेब. पण नवा भाग बसवला की तो कंपनीच्या संगणकाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि ते सॉफ्टवेअर मला कोणी देत नाही.'