आधी गच्ची, मग पीओपी!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "पोरा, तू त इंजिनिअर होऊन रायला, सांग बरं, घर नीट कराले किती लागन?" मग आपण मेकॅनिकलचे असू की आयटीचे, खाली मान! सिव्हिलवालासुद्धा "मिस्त्रीले विचारा न बाबा" म्हणून मोकळा होतो. माझं स्पष्ट मत असं की या प्रश्नातून अंग काढून घेणं बरं नाही. कारण त्याच्या उत्तरावर आपल्या पुढच्या वर्षाची हॉस्टेल फी अवलंबून असते. अतिशयोक्ती वाटते? कॅल्क्युलेटर घ्या. पाच लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत. हप्ता येतो साधारण 6,330 रुपये आणि फेड होते 7 लाख 60 हजारांची. हा हप्ता कापूस पिको न पिको, दर महिन्याला भरायचाच आहे.

आपल्याकडे घराचं काम निघतं ते बहुतेक लग्नाच्या निमित्तानं. ताईचं जमलं, पाहुणे येणार, काढा काम! आणि पैसा जातो कुठे? समोरच्या एलिव्हेशनला, गेटला, बैठकीतल्या पीओपीला. बरं दिसतं, नाही म्हणत नाही. पण पाहुणे दोन दिवसांचे आणि उन्हाळा चार महिन्यांचा! मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 च्या वर गेला आणि केवळ उन्हामुळे कलम 144 लावण्याची पाळी प्रशासनावर आली. आजोबांच्या काळी जाड मातीचं धाबं होतं, ते ऊन सहज आत येऊ देत नव्हतं. आपण त्या जागी चार-पाच इंची स्लॅब टाकला. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर आपल्यालाच ती उष्णता परत करतो. म्हणून माझ्या यादीत पहिला खर्च गच्चीचा : उतार नीट करणं, गळती असेल तर ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग. चुना तर इतका स्वस्त की दर मार्चमध्ये पुन्हा मारला तरी चालतो. दुसरं म्हणजे खिडक्या. कूलरची हवा आत आली तशी बाहेर जायला वाट नको का? नूतनीकरणात लोक समोरासमोरच्या खिडक्या बुजवून तिथे शोकेस करतात, मग खोली दमट होते आणि दोष कूलरला!

आता जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग बहुतेक तिचीच करामत असते. त्या भेगेत पुट्टी भरून वरून महागडा रंग मारणं म्हणजे पुढच्या जूनपर्यंतची सोय. खरा खर्च हवा तो घराभोवती उतार देऊन पक्का पट्टा करण्यावर, छताचं पाणी पाइपानं लांब सोडण्यावर आणि न्हाणीघराची गळती बंद करण्यावर. पायाजवळ कधी पाणी तुंबतं, तर कधी माती कडकडीत वाळते. हा फरक जितका कमी, तितकी भिंत सुखी. भेग रुंदावत असेल तर मात्र मिस्त्री नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. त्याची फी वाचवू नका.

दर्यापूर, अकोटकडच्या मित्रांसाठी आणखी एक. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला पिण्याच्या पाण्यामुळे माहीत असतो, पण तेच पाणी सिमेंटमध्येही जातं. आयएस 456 प्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. बोअरचं पाणी न तपासता स्लॅब टाकला तर आतली सळई गंजते, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. पाण्याची तपासणी आणि गोड्या पाण्याचे टँकर हे खर्च पहिल्याच पानावर लिहा. घासाघीस करायची तर नळाच्या तोट्यांवर करा!

अंदाजपत्रकाचं फार अवघड नाही. टेप घेऊन खोल्या मोजा, प्लास्टर-रंगाचं माप ब्रासमध्ये काढा, सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पाहा आणि दोन-तीन ठेकेदारांना एकाच यादीवर भाव विचारा. नुसती मजुरी की मालासकट, हे कागदावर हवं. "होऊन जाईल ना भाऊ" हा भाव नव्हे. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, तेव्हा जुनं कोटेशन असेल तर नवीन मागा. आणि जुनं घर फोडल्यावर आत काय निघेल सांगता येत नाही. सडकी चौकट, गंजका पाइप, कुजलेली वायरिंग, काहीही! मी तरी एकूण रकमेच्या 15 ते 20 टक्के बाजूला काढूनच यादी सुरू करीन. ही रक्कम घरच्यांना सांगावी की नाही, यावर आमच्या रूमवर वाद आहे. सांगितली की ती टाइल्समध्ये जाते, असा एका पक्षाचा अनुभव!

म्हणून लग्न फेब्रुवारीत असेल तर दिवाळी झाल्याबरोबर गच्ची आणि पाण्याचा निचरा, मग वायरिंग-नळ, मग प्लास्टर आणि सगळ्यात शेवटी रंग. त्यातून उरले तर पीओपी. नाही उरले तर मांडववाला बैठकीत झालर लावून देतोच की!