बंद पडले की चालू करा, ही दुरुस्ती नव्हे



२०२४-२५ च्या गळीत हंगामात काट्यावर गाड्या ताटकळल्याच्या तक्रारी आमच्याकडे आल्या. "काय वो साहेब, रात्री कॉम्प्युटर झोपतो का तुमचा?" असे एका सभासदाने शेतकी ऑफिसात येऊन विचारले. प्रश्न रास्त होता. तोडलेला ऊस थांबला की वजन घटते, उतारा घटतो. शिवाय काट्याच्या नोंदीवरच बिल निघते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते १४ दिवसांत द्यायचे असते.

घडत होते ते असे. काटा, ऊसनोंद आणि तोडणी चिठ्ठी यांना जोडणारी सर्व्हरवरची सर्व्हिस मधूनच बंद पडे. रात्रपाळीचा माणूस ती पुन्हा चालू करी, गाड्या हलत, आणि सकाळी सगळे विसरून जात. आम्हीही त्यातलेच. दीड महिना हेच चालले, हे कबूल केले पाहिजे.

वास्तविक आम्ही शेतकी खात्याची माणसं. ऊस पिवळा पडला म्हणून युरिया टाकणाऱ्याला आम्हीच सांगतो, की बाबा, आधी बेट उपटून बघ, मुळाशी हुमणी हाय का. मग कॉम्प्युटरच्या बाबतीत आमची अक्कल कुठं गेली होती?

अखेर काट्यावर एक साधी वही ठेवली. किती वाजता बंद पडले एवढेच लिहायचे. आठ दिवसांत दिसले की वेळ बहुतेक रात्री एक ते दोनची. मग सर्व्हरची स्वतःची वही उघडली. विंडोजवर तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. सर्व्हिस अनपेक्षितपणे बंद पडली की तीत ७०३४ क्रमांकाची नोंद होते, आणि कितव्यांदा तेही लिहिलेले असते. तिच्या जरा आधीची नोंद होती, डिस्कवर जागा नाही.

रात्री एकला बॅकअप सुरू होई. तो त्याच डिस्कवर आधी मोठी फाईल करी, मग तिची लहान फाईल करून मोठी पुसून टाकी. मधल्या वेळात जागा संपे, सर्व्हिसला नोंद लिहिता येईना, ती बंद पडे. बॅकअप उरकला की जागा मोकळी. म्हणूनच 'चालू केलं की चालतंय' असे वाटे. हंगाम पुढे सरकला तशा नोंदी वाढल्या आणि दुखणेही वाढले. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर नेला, दुखणे थांबले.

आता काहीजण म्हणतात, बंद पडताच आपोआप चालू होण्याची सोय लावा. विंडोजमध्ये तिला रिकव्हरी म्हणतात. आपल्या साखर उताऱ्याशी तिचा संबंध नाही. ती जरूर लावावी, गाडी थांबू नये. पण तिच्यावर विसंबू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आपोआप उठणारे दुखणे कुणाला दिसत नाही, आणि हुमणी मुळाशी तशीच राहते.

यापुढे काट्यावरची वही कायम ठेवावी, डिस्कची मोकळी जागा दर सोमवारी पाहावी, आणि बंद काळात वजन छापील पावती पुस्तकावर द्यावे, अशी आमची सूचना आहे. सभासदांनीही "चालू झालं का?" एवढ्यावर समाधान मानू नये. "कशानं बंद पडलं होतं?" हे विचारावे. उत्तर देणे आमचे काम आहे.

– ऊस विकास अधिकारी